सायकलचा सांगाडा किती किलोंचा?

माणसाला आपल्या वजनाची काळजी लागते ती चाळिशीनंतर. सायकलला मात्र ती जन्मापासूनच लागलेली आहे. सव्वाशे वर्षे झाली, जगातले हुशार कारागीर तिच्या अंगावरून पाव किलो, अर्धा किलो कसा उतरवता येईल याच विवंचनेत आहेत. आणि आपल्याकडे? आपल्याकडे तिला कॅरिअर, स्टँड, साखळीवरचे झाकण, डायनॅमो, मागे टोपली आणि पुढे दांडीवर मूल असे एकेक दागिने चढवण्याचीच रीत. त्यामुळे वजन हलके असणे ही सायकलची थोरवी, असे कोणी म्हणू लागला की आपल्याला जरा नवलच वाटते.

अलीकडे शहरांत जुन्या पोलादी सायकली हौसेने गोळा करणारी मंडळी वाढली आहेत. पुण्यात कर्वेनगरला तर विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालयच उभारले आहे. या हौशी मंडळींची बैठक जमली की बोलणे हमखास एका मुद्द्यावर येते : लांब प्रवासासाठी केलेल्या पोलादी सायकलींपैकी कोणाचा सांगाडा किती हलका? एक म्हणतो दोन किलो, दुसरा म्हणतो दोन किलो दोनशे, तिसरा आपल्या आजोबांच्या रॅलेकडे पाहून गप्प बसतो. या गप्प बसलेल्या गृहस्थाची बाजू मांडावी, हा या लेखाचा एक हेतू आहे. दुसरा हेतू असा, की वाचकांच्या घरी माळ्यावर किंवा जिन्याखाली अशी एखादी सायकल असेल, तर ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढण्यापूर्वी तिचे खरे मोल त्यांना कळावे.

आसगावचा कट्टा

प्रथम आपण भंडारा जिल्ह्यात जाऊ. पवनी तालुक्यात आसगाव हे चौरास भागातले गाव. वैनगंगेच्या आसऱ्याने पसरलेला हा सपाट, सकस मुलूख. पावसाळ्यात जिकडे पाहावे तिकडे धानाच्या बांध्या, रोवणीला वाकलेल्या बाया, आणि कापणीनंतर जागोजाग तणसाचे ढीग. इथे घाट नाहीत, डोंगर नाहीत. रस्ता मात्र कधी डांबरी, कधी खडीचा, तर कधी नुसता धुरा.

अशा मुलखात सायकल ही हौस नव्हे, ती घरातली एक कर्ती माणूस असते. शेतावर जायचे, दुधाचे कॅन न्यायचे, गिरणीवर धान न्यायचे, बाजाराला जायचे, आजारी माणसाला मागे बसवून डॉक्टरकडे न्यायचे, ही सारी कामे वर्षानुवर्षे काळ्या पोलादी सायकलीने केली. मोटारसायकली आल्या म्हणून तिचे काम कमी झाले, पण संपले नाही. धानाचा एक कट्टा म्हणजे साधारण चाळीस किलो. सायकल वीस किलोंची. म्हणजे सायकल आपल्या दुप्पट वजन पाठीवर घेऊन चालते, वर माणूस वेगळाच. तोही पुष्कळदा बसलेला नसतो, बाजूने ढकलत असतो.

आता कल्पना करा, शहरातला एखादा हौशी आसगावच्या शेतकऱ्याला सांगतो आहे, "काका, तुमच्या सायकलीचा सांगाडा फार जड आहे. इंग्लंडातल्या चांगल्या सायकलीचा याहून दीड किलोने हलका असतो." तो शेतकरी शांतपणे विचारील, "बरं हाय. मंग पोतं कोठी ठेवू जी?"

या एका प्रश्नात सगळा विषय आला. सांगाड्याचे वजन नुसते आकड्यात सांगून भागत नाही. त्यावर कोण बसणार, काय लादणार, कोणत्या रस्त्याने जाणार आणि मोडला तर दुरुस्त कोण करणार, हे विचारल्याशिवाय तो आकडा मुका आहे.

टूरिस्ट नावाची काळी गाय

गंमत अशी, की आपण ज्या सायकलीला दूधवाल्याची सायकल म्हणतो तिचे मूळ नाव 'प्रवासी' असेच आहे. इंग्लंडच्या रॅले कंपनीच्या यादीत अठ्ठावीस इंची चाकांच्या, सळीच्या ब्रेकच्या त्या काळ्या सायकलीचे नाव 'टूरिस्ट' होते. तिची पुढची आणि सीटखालची नळी चांगलीच मागे कललेली, दोन चाकांतले अंतर लांब, पुढचा चिमटा पुढे वाकवलेला. खडबडीत रस्त्यावर हादरा कमी बसावा म्हणून ही सारी रचना. पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०, कारण ओझे मागे पडते. अशी ही सायकल तयार होऊन वीस किलोंच्या, कधी त्याहूनही थोड्या वर जाते.

आपल्याकडे ती आली तेव्हा चैनीची वस्तू होती. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. योगायोग पाहा, त्याच वर्षी डनलॉपने हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले. पुढे नांगर, पंप आणि इंजिने करणाऱ्या एका मोठ्या उद्योगाचा पाया सायकलीच्या दुकानात घातला गेला, ही आपल्या मराठी उद्योगाच्या इतिहासातली फार बोलकी गोष्ट आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे सायकली देशातच होऊ लागल्या. मुंबईत वरळीला हिंद सायकल, स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलिस, १९५१ साली सोनिपतला अॅटलस, १९५६ साली लुधियानाला हीरो. यांनी नमुना घेतला तो त्याच इंग्रजी 'टूरिस्ट'चा. पण आपल्या रस्त्यांकडे आणि आपल्या ओझ्यांकडे पाहून त्यांनी तिला अधिकच धट्टीकट्टी केली. काहींनी तर वरची दांडी दुहेरी केली. तीच आपली 'डबल बार'. यांपैकी हिंद सायकल व सेन-रॅले या कंपन्यांचे सरकारने १९८० साली राष्ट्रीयीकरण केले आणि पुढे ते कारखाने बंद पडले. अॅटलसच्या साहिबाबादच्या कारखान्यातले काम २०२० च्या जूनमध्ये थांबले. कारखाने गेले, पण त्यांच्या सायकली अजून गावोगाव चालत आहेत. जड सांगाड्याची ही एक बाजू.

पोलाद हलके कसे होते?

आता थोडे गणित. वाचकांनी घाबरू नये, पाचवीच्या मुलाला येईल इतकेच आहे.

पुष्कळांचा समज असतो की चांगल्या सायकलीचे पोलाद वजनाने हलके असते. तसे नाही. साधे पोलाद घ्या की भारी, एका लिटर आकाराचा तुकडा जवळजवळ सारखाच, म्हणजे पावणेआठ किलोंच्या थोडा वर भरतो. हलकेपणा येतो तो नळीच्या भिंतीची जाडी कमी केल्याने. साध्या सायकलीच्या नळीची भिंत साधारण १.६ मिलिमीटर धरू आणि भारी सायकलीची ०.८ मिलिमीटर. बाहेरून दोन्ही नळ्या सारख्याच दिसतात. सांगाड्याच्या तीन मोठ्या नळ्या आहेत : वरची दांडी, खालची तिरपी नळी आणि सीटची नळी. त्यांचे वजन मांडून पाहिले तर जाड भिंतीच्या तीन नळ्या सुमारे १ किलो ८०० ग्रॅम भरतात आणि पातळ भिंतीच्या सुमारे ९२० ग्रॅम. म्हणजे पाऊण किलोहून अधिक फरक इथेच पडला. मागच्या चार बारीक नळ्या, सांधे आणि बाकीचे भाग यांत आणखी काही उतरते. एकूण सांगाडा चिमट्याशिवाय जाड नळ्यांचा साडेतीन किलोंच्या आसपास, तर चांगल्या पातळ नळ्यांचा दोन ते सव्वादोन किलो. सगळा वाद आहे तो या दीड किलोंचा.

मग सगळेच पातळ नळ्या का वापरत नाहीत? कारण पातळ नळी तितकेच ओझे पेलायची तर पोलाद जास्त कणखर हवे. आणि नळीवर सर्वांत जास्त ताण येतो तो टोकांना, सांध्यापाशी. मधल्या भागाला तुलनेने आराम असतो. हे ओळखून बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनल्ड्सने १८९७ साली एक पेटंट घेतले : टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशी नळी, बाहेरून मात्र सरळसोट. आपल्या कळकाला निसर्गाने पेराशी जाडी दिली, तीच युक्ती माणसाने पोलादात केली. पुढे १९३५ साली त्याच रेनल्ड्स कंपनीने '५३१' नावाचे पोलाद काढले. मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या या पोलादाच्या नळ्या इतक्या विश्वासू ठरल्या, की १९६१ च्या प्रसिद्ध जॅग्वार ई-टाइप मोटारीच्या पुढच्या सांगाड्यातही त्या बसल्या. इंग्लंड-फ्रान्समधल्या उत्तम प्रवासी सायकली कित्येक दशके याच नळ्यांच्या होत होत्या.

फ्रान्समध्ये तर हलक्या प्रवासी सायकलींच्या चढाओढी लागत. नुसते वजन करून बक्षीस देत नसत. दिवे, मडगार्ड यांसकट सायकल वाईट रस्त्यांवरून शेकडो किलोमीटर पळवायची, आणि काही मोडले तर गुण कापायचे. १९३० नंतरच्या या चढाओढींत रने एर्स यांच्यासारख्या कारागिरांनी आठ किलोंच्या आतली प्रवासी सायकल करून दाखवली. आपल्या सायकलीच्या निम्म्याहूनही कमी! पण ती सोन्याच्या भावाची, एकेक सुटा भाग हाताने घडवलेली. तिच्यावर धानाचा कट्टा ठेवण्याची कल्पना त्या फ्रेंच कारागिराला सांगितली असती तर त्याला भोवळ आली असती.

आपल्याच जिल्ह्यातला मँगनीज

इथे भंडाऱ्याचा आणखी एक धागा जुळतो. ज्या मँगनीजच्या बळावर ही पातळ नळी उभी राहते, त्याच्या खाणी याच जिल्ह्यात आहेत. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी प्रसिद्ध आहेत. इंग्रजी अमलात मध्यप्रांतातले मँगनीज बोटीत भरून विलायतेच्या पोलाद कारखान्यांकडे जात असे. आपण माती विकायची आणि तिकडून सायकल विकत घ्यायची, असा तो व्यवहार होता. १९६२ पासून या खाणी आजच्या 'मॉइल' कंपनीकडे आल्या, आणि १९८९ पासून भंडाऱ्याजवळ वरठीला सनफ्लॅगच्या कारखान्यात मिश्र पोलादही तयार होऊ लागले. म्हणजे कच्चा मालही इथलाच आणि कणखर पोलाद करण्याची विद्याही इथलीच. तरी आसगावच्या सायकलीची नळी जाडच राहिली. याला अज्ञान कारण नाही. कारणे दुसरी आहेत, आणि ती शहाणपणाची आहेत.

पहिले कारण दुरुस्तीचे. साध्या पोलादाची जाड नळी गावच्या कारागिराने गॅसच्या ज्योतीने सांधली तरी फारसे बिघडत नाही. कणखर पोलादाची पातळ नळी जास्त तापली की सांध्याशेजारी तिचे बळ जाते आणि काही महिन्यांनी तिथेच चीर पडते. पंचवीस किलोमीटरवर कुशल कारागीर असेल तर पातळ नळी ठीक, नसेल तर ती गळ्यातली धोंड.

दुसरे कारण गंजाचे. पावसाचे पाणी सीटच्या नळीतून आत झिरपते आणि तळाशी साचते. जाड भिंत वर्षानुवर्षे हा मार सोसते. अर्धा मिलिमीटर जाडीची भिंत आतून खाल्ली गेली की बाहेर रंग चकचकीत असतानाही नळीला भोक पडू शकते. धानाच्या चिखलात जन्म काढणाऱ्या सायकलीला ही नाजुकी परवडत नाही.

तिसरे कारण ताठरपणाचे, आणि ते हौशी लोकही पुष्कळदा विसरतात. भारी पोलाद लवकर तुटत नाही हे खरे, पण ते साध्या पोलादाइतकेच लवते. बाहेरचा घेर तोच ठेवून भिंत निम्मी केली की नळीचा ताठरपणाही जवळजवळ निम्मा होतो. मागे मोठे ओझे असले की असा सांगाडा सापासारखा वळवळतो आणि उतारावर हँडल थरथरते. म्हणूनच खुद्द इंग्लंडातही शर्यतीच्या सायकलीपेक्षा प्रवासी सायकलीच्या नळ्या मुद्दाम थोड्या जाड घेत. सर्वांत हलका सांगाडा हा सर्वांत चांगला प्रवासी सांगाडा नव्हे, हे तिथले जाणते कारागीर कधीच ओळखून होते.

दीड किलो म्हणजे नक्की किती?

आता दुसरी बाजू तपासू. समजा ५५ किलोंचा माणूस, २० किलोंची सायकल आणि १० किलोंचे सामान आहे. एकूण ८५ किलो. सांगाडा दोन किलोंनी हलका केला, तर चढावर श्रम वाचतात ते शंभरात सव्वादोन. सपाटीवर पुष्कळशी शक्ती वारा कापण्यात जाते, त्यामुळे वाचतो तो शंभरातला जेमतेम एक हिस्सा. चौरासच्या सपाट रस्त्यावर हा फरक पायांना कळणारसुद्धा नाही. त्याहून जास्त फरक टायरमध्ये नीट हवा भरल्याने पडतो. हवेचा पंप हा सायकल हलकी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि नेमका तोच आपण आळसाने टाळतो.

लांबचा प्रवास करणाऱ्यांचा अनुभवही असाच काही सांगतो. मुंबईच्या सहा पारशी तरुणांनी १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये सायकलवरून जगाची वाट धरली. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे साडेचार वर्षांनी, १९२८ च्या मार्चमध्ये, सुमारे ७१ हजार किलोमीटर कापून परत आले. विदर्भातले उदाहरण हवे तर डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमट्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने काढलेली 'भारत जोडो' यात्रा आठवावी. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सुमारे पाच हजार किलोमीटर सायकली चालवत गेल्या. पाठीच्या दुखण्यामुळे बाबा स्वतः वाहनातून सोबत होते. वर्षभरापेक्षा मोठी वाट असो की काही महिन्यांची, सांगाड्याच्या दीड किलोंवर यशापयश ठरले नाही. ते ठरले निश्चयावर, सोबतीवर, आणि रस्त्यात सायकल दुरुस्त होते की नाही यावर.

मग हलक्या सांगाड्याला अर्थच नाही का? आहे, आणि तो जिथे आहे तिथे आपले लक्ष जात नाही.

जिच्यासाठी वजन खरोखर मोठे आहे

आठवीतली एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. वजन चाळीस किलो. शाळा चार-पाच किलोमीटरवर. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या, आणि त्यामुळे किती मुलींचे शिक्षण मधेच सुटण्यापासून वाचले असेल याची कल्पना करता येईल. पण या मुलीला वीस किलोंची सायकल म्हणजे तिच्या वजनाच्या निम्मी. पासष्ट किलोंच्या बापाला तीच सायकल त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. सायकल उंबऱ्यावरून आत घेणे, चिखलातून उचलणे, घसरली तर सावरणे हे सारे तिलाही करायचे असते.

आणि खरी विसंगती पुढेच आहे. पुरुषी सायकलीचा सांगाडा नळ्यांच्या त्रिकोणांनी बनतो, आणि त्रिकोण हा मोठा बळकट आकार. लेडीज सायकलीत घागरा-साडीसाठी वरची दांडी खाली उतरवतात. त्रिकोण मोडतो. ती उणीव भरून काढायला नळ्या जाड घ्याव्या लागतात, नाही तर सांगाडा डुलतो. म्हणजे हलक्या सवारीच्या वाट्याला बहुधा जड सांगाडा येतो! कारागिरांच्या चढाओढी व्हायच्याच असतील तर त्या इथे व्हाव्यात. मुलीच्या सायकलीतून तीन-चार किलो उतरवणे ही शर्यतीतल्या वीराच्या सायकलीतून तीनशे ग्रॅम उतरवण्यापेक्षा मोठी कामगिरी आहे.

घरच्या घरी यात काय करता येईल? सांगाडा बदलता येत नाही, पण वीस किलोंत तो पाचव्या हिश्श्याहूनही कमी असतो. बाकीचे वजन चाके, टायर, सीट, कॅरिअर, स्टँड यांत असते. मुलीला पोते वाहायचे नसेल तर जाडजूड कॅरिअर आणि दुहेरी स्टँड कशाला? लोखंडी रिमांच्या जागी अॅल्युमिनियमच्या बसवल्या तर वजन तर घटतेच, पण पावसात ब्रेकही अधिक चांगला लागतो. ओल्या लोखंडी रिमेवर ब्रेकचे रबर घसरते, हे पावसाळ्यात सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. साखळीवरचे झाकण मात्र काढू नये. ओढणी अडकून होणारा अपघात अर्ध्या किलोच्या बचतीहून फार महाग पडतो.

माळ्यावरची सायकल कोणती?

आता जिन्याखालच्या सायकलीकडे वळू. तिच्या नळ्या जाड की पातळ, हे सांगाडा न कापता कळते का? कळते, आणि त्याची युक्ती मोठी सोपी आहे. सीट ज्या दांड्यावर बसवलेली असते तो दांडा वर ओढून काढा आणि कारागिराकडच्या मापकाट्याने त्याची जाडी मोजा. सीटची नळी बाहेरून बहुधा २८.६ मिलिमीटर असते. दांडा २५.४ मिलिमीटरचा, म्हणजे बरोबर एक इंची निघाला, तर नळीची भिंत १.६ मिलिमीटर. सायकल साध्या, जाड नळ्यांची. दांडा २७.२ मिलिमीटरचा निघाला तर भिंत पाऊण मिलिमीटरच्या आत. मग मात्र ती सायकल नीट पुसून घ्या, नळीवर कंपनीची जुनी चिठ्ठी दिसते का पाहा, आणि भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवा.

दोन सांगाड्यांच्या वजनांची तुलना करायची असेल तर काही पथ्ये आहेत. बावीस इंची सांगाड्याची तुलना चोवीस इंचीशी करू नये, उंची वाढली की नळ्याही लांबतात. चिमटा लावून वजन केले की काढून, हे आधी ठरवावे, कारण एकटा चिमटाच पाऊण ते एक किलो भरतो. हँडलच्या वाट्या आणि पायडलच्या धुरीचे छर्रे आत राहिले तरी पाव-अर्धा किलोची गडबड होते. निम्मे वाद हे सायकलींचे नसतातच, वजन करण्याच्या पद्धतीचे असतात.

आणि वजनाआधी जीव पाहावा. चिमट्याची मान, पायडलच्या धुरीभोवतालचे सांधे आणि मागच्या चाकाच्या दोन्ही नळ्या कापडाने पुसून उजेडात न्याहाळाव्या. रंगाला केसासारखी आडवी चीर दिसली तर ती रंगाची आहे की पोलादाची, हे जाणत्या कारागिराला दाखवल्याशिवाय सायकलीवर मुलाला बसवू नये. चिमटा मोडला तर सवारी तोंडावरच पडते.

सगळे ठीक निघाले, पण दांडा एक इंचीच निघाला, तर हिरमुसण्याचे कारण नाही. भंगाराचा भाव किलोला तीस रुपये धरला तर साडेतीन किलोंच्या सांगाड्याचे हातात पडतात शंभर रुपयांच्या आसपास. त्या शंभर रुपयांत आपण विकतो काय? ज्याने दोन पिढ्यांचे दळण वाहिले, जो कोणत्याही खेड्यातला कारागीर दुरुस्त करू शकतो, आणि तेलपाणी केले तर आणखी एक पिढी सहज काढील असा सांगाडा. छर्रे, टायर, ट्यूब आणि ब्रेकची रबरे नवी घातली की ती सायकल कोपऱ्यावरच्या बाजाराला, वाचनालयाला, पोस्टात जायला पुन्हा तयार होते.

हलका सांगाडा हा कारागिरीचा मान आहे, तो ज्याचा त्याला द्यावा. जड सांगाडा ही गरजेची बुद्धी आहे, तिलाही कमी लेखू नये. सायकल काट्यावर चढवताना एक प्रश्न आधी विचारावा : ही कोणाला वाहणार आहे? आसगावच्या कट्ट्याला पोलादाची जाड भिंत हवी आहे. त्याच गावातून शाळेला निघालेल्या मुलीला हलकी सायकल हवी आहे. या दोघांची गरज एकाच तागडीत घालून भागणार नाही.